जुन्या गाडवाटेचं तिसरं वळण

अन्नपूर्णा नर्सबाईनं भर रस्त्यात माझी माफी मागितली तेव्हा माझ्या तोंडात नुकतंच लावलेलं पान होतं, म्हणून मला लगेच बोलता आलं नाही, आणि मग जे बोलायचं ते राहूनच गेलं. मंगळवारची सकाळ, कोर्टाचं फाटक, अकरा वाजायला आलेले, वकिलांचे काळे कोट एकेक करून आत शिरत होते. ती दवाखान्याकडून चालत आली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गळ्यात अडकवलेला. डाव्या हातात पिशवी. तिला पाहून मी खाली मान घालून टाक पुसायला घेतला, पण रस्त्याच्या कडेला लिंबाखाली चटई टाकून बसणारा अर्जनवीस मान घालून घालून किती घालणार? ती पुढ्यात येऊन उभीच राहिली. "काकाजी," ती म्हणाली, "तुमच्या वाटेचं नाव मी खराब केलं. माफी करा." मी नुसतं हं केलं. "अन् एक काम होतं. दुपारून घरी येता का? कागद घेऊन या. हात असा, लिहिता येत नाई. राजीनामा द्याचा हाय. उद्या सकाळच्या मोटारीनं उत्तमराव येऊन राह्यला मले न्यायले." उत्तमराव म्हणजे तिचा थोरला भाऊ, संग्रामपूरचा. मी पुन्हा हं केलं. ती गेली. पिंक टाकायची राहिली होती, ती मी तशीच गिळली, आणि छातीतून काहीतरी जळत जळत खाली उतरत गेलं.

माझ्या खोटं बोलण्याबद्दल बुलढाण्यात कोणाची तक्रार नाही, हे आधी सांगून टाकतो. तिशीत असताना घाटात एक बिबट्या माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसला आणि चढ लागल्यावर बिचारा आपण होऊन उतरला, मागून ढकलूही लागला, ही गोष्ट मी गेली पंचवीस वर्षं सांगतो आहे. हबीब सायकलवाला दरवेळी तितक्याच गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "भाऊ, जनावराचं वजन किती भरलं असंन? मांगच्या ट्यूबीत हवा किती होती?" मी हवा सांगतो. त्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसलेले चार जण माना डोलावतात. कोणी खरं का म्हणून विचारत नाही. विचारलं तर ती त्या माणसाची फजिती. मलकापूरच्या स्टेशनवर मी एकदा मेलगाडी नुसती पगडी हलवून थांबवलेली आहे, आणि माझ्या आजोबांच्या विहिरीत पडलेली घागर सात वर्षांनी नर्मदेत निघालेली आहे. हे सगळं गावानं मान्य करून टाकलेलं आहे. पण त्याच गावानं एक गोष्ट वेगळी ठेवली होती, आणि ती वेगळी ठेवली आहे हे मला कधी कोणी बोलून दाखवलं नव्हतं. जुन्या गाडवाटेबद्दल जानराव बोलला की ते खरं. तिथं कोणी हवा विचारत नसे.

घाटाचा डांबरी रस्ता झाला त्याच्या आधीची ही वाट. पठाराच्या कडेवरून निघते, चार लांबलचक वळणं घेते आणि खालच्या गावांच्या शिवारात उतरते. उतार असा सौम्य की भरली गाडी घेऊन बैल अर्धवट झोपेत उतरायचे. मोटारी, ट्रक डांबरी रस्त्यानं जायला लागल्यावर ती वाट नवशिक्यांची झाली. सायकल शिकणारा आधी पोलिसांच्या मैदानावर गोल गोल फिरतो, आणि तोल आला की हबीब त्याला म्हणतो, जा, आता गाडवाट उतरून ये. ती उतरला की तो शिकला. चार महिने पावसात मात्र वाट बंद. घाणेरीची झुडपं दोन्ही बाजूंनी आत येतात, ओहोळ वाट चिरत जातात, मुरूम वाहून गेला की दगडांचे दात वर येतात. म्हणून दसरा झाला की कोणीतरी आधी ती पायी उतरायची. एका हातात चुन्याचा डबा, दुसऱ्या हातात कुंचा. जिथं वाट खचली असेल तिथं अलीकडच्या दगडावर पांढरा पट्टा. पांढरा दगड दिसला की नवशिक्यानं खाली उतरून सायकल हातात धरायची. हे काम मी एकवीस वर्षं केलं. माझं गाव त्या वाटेच्या पायथ्याशी, शाळेला मी तिच्यावरूनच चढलेलो, दुसरं कोण करणार? मी येऊन सांगितल्याशिवाय हबीब त्या वाटेसाठी सायकल भाड्यानं देत नसे. त्याच्या बापानंही दिली नव्हती.

यंदाही मी निघालो होतो. हे मी स्वतःला आठ दिवस सांगतो आहे, की जानराव, तू निघाला होतास. दसऱ्याचा दुसरा दिवस, डबा भरलेला, उन्हाला अजून कोवळेपण होतं, आणि हिरव्या गवताला वरून पिवळा शेंडा आलेला. गुडघा दुखत होता, पण तो कधी दुखत नाही? जिथून गाडवाट फुटते तिथं चहाची टपरी आहे. तिच्यासमोर मलकापूरहून आलेली एसटी उभी होती, टायर बसलेलं. तीस-पस्तीस उतारू रस्त्यावर उतरून कंटाळून उभे. मी डबा खाली ठेवला, पाणी मागितलं, आणि एकानं विचारलं, "बाबा, हा चुना घेऊन कुठं?" बस. तेवढंच. मी म्हटलं, सांगतो. मी त्यांना गाडवाट सांगू लागलो. पहिलं वळण, तिथला आवळा, दुसऱ्या वळणावर बिबट्या कुठं बसला होता, तिसऱ्या वळणाला वाट कशी पलंगासारखी सपाट होते. एक बाई कोंबडी काखेत धरून ऐकत होती आणि हसली की कोंबडीही ओरडायची. ड्रायव्हर जॅक सोडून येऊन बसला. मी हातानं झुडपं बाजूला केली, दगडावर चुना मारला, ओहोळ ओलांडला, पायथ्याच्या शेतात तुरीच्या फुलांचा वास घेतला. टायर बसवून झालं तरी लोक उठेनात. शेवटी कंडक्टरनं घंटी मारली, आणि बस गेली, आणि धूर खाली बसला तेव्हा ऊन कलायला लागलेलं होतं. माझे पाय दमले होते. खरंच दमले होते, वाट उतरून चढून आल्यासारखे. मला वाटलं, आता पुन्हा कशाला?

खोटं मी तोंडानं बोललो ते नंतर. आधी मी टपरीच्या मागं तरवडाच्या झुडपात तो चुना ओतला. रिकामा डबा घेऊन जायला हवा ना? पांढरा ओघळ मातीत मुरायला वेळ लागत होता, मी पायानं माती सारली. इतकी वर्षं मी हजार थापा मारल्या, पण एकीसाठीही असं पायानं काही पुरावं लागलं नव्हतं. मग हबीबच्या दुकानात येऊन डबा ठेवला. तो वाकडं झालेलं चाक सरळ करायला त्याची काडी आवळत होता. डब्यात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं. "कशी हाय?" "साफ हाय. तिसऱ्या वळणाले घाणेरी आली होती, ते छाटली." घाणेरी मी का घातली मध्ये? कोणी मागितली नव्हती. नुसतं साफ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नुसतं साफ मला म्हणता येत नाही. अन्नपूर्णा तिथंच उभी होती, पदर खोचून, हबीबच्या लेडीज सायकलचं हँडल धरून. तिला मी आणखी एक दिलं: "पोरी, तिसऱ्या वळणाले ब्रेक सोडून देजो. तिथं वाट पलंगासारखी हाय. तिथं सोडशीन तरच तुई भीती जाईन." ती मान हलवत होती, ओठ हलवत होती, पाठ करत असल्यासारखी.

त्या दिवशी घरी गेलो तर माझी बायको सुभद्रा ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली. दरसाल त्या दिवशी मी आलो की ती माझं धोतर मागून घेते आणि अंगणात बसून कुसळं काढते. त्या वाटेवरचं गवत असं, की गुडघ्यापर्यंत धोतर कुसळांनी शिवून निघतं. दीड दीड तास ती एकेक उपटत बसते आणि मला शिव्या देते, अन् मी पायरीवर बसून तिला वाट सांगतो. यंदा मी धोतर सोडून दिलं. तिनं ते उजेडात धरलं. सोगा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग नीट घडी करून खुंटीवर ठेवलं आणि आत जाऊन चूल पेटवली.  

अन्नपूर्णा मूळची धीट. विसाव्या वर्षी नवरा गेला, सासरचे ठेवेनात, भाऊ ठेवायला तयार होता पण चुलीपाशी. ही हट्टानं नर्सचं शिकली. जिल्हा परिषद होऊन वर्ष झालं होतं, नव्या जागा निघत होत्या. हिला खालचं गाव आणि त्याच्याभोवतीच्या पाच वाड्या मिळाल्या. बाळंतीण एका वाडीत अडली तर दुसरीतून चालत पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं, म्हणून सायकल यायलाच हवी. आरोग्याचे साहेब म्हणाले होते, दिवाळीपर्यंत शिका आणि रुजू व्हा. पोलिसांच्या मैदानावर तिला शिकताना मी पाहिलं आहे. नऊवारी नव्हे, पाचवारीच, पण घोट्यापाशी दोरीनं बांधून घेतलेली. आणि भीती वाटू नये म्हणून मोठ्यानं एकोणीसचा पाढा म्हणायची. एकोणीस दुणे अडतीस म्हणत कठड्यावर आदळायची, उठून पुन्हा एकोणीस एके पासून. पोरं टाळ्या पिटायची. हबीब म्हणायचा, "बाई, नवाचा म्हना, लवकर संपते." ती म्हणायची, "नवाचा झोपेतबी येते हो, त्यानं ध्यान नाई लागत." कॅरिअर धरून मी मागं पळायचो, माझा गुडघा एकोणीस त्रिक सत्तावन्नपर्यंत टिकायचा. मग एक दिवस मी हात सोडला आणि तिला कळलंच नाही, ती एकोणीस दाहेपर्यंत एकटी गेली आणि वळून पाहिलं तर मी मैदानाच्या त्या टोकाला. तेव्हा ती जशी हसली तसं माझ्या कुठल्याही गोष्टीला कोणी हसलेलं नाही.

यंदा गाडवाटेवर पहिली तीच उतरली, दुसऱ्याच दिवशी. दुपारी एका गुराख्यानं तिला वर आणली, सायकल खांद्यावर, तिचं मनगट केळ्याच्या सोपटात बांधलेलं. तिसरं वळण. एकोणीस सकपर्यंत तिला आठवतं, मग आभाळ, मग घाणेरीचा वास. ती गडगडत बरीच खाली गेलेली, तिथंच त्याला सापडली. हबीबच्या बाकावर त्या दिवशी भारी चर्चा झाली. "वाट तं साफ होती." "भाऊ स्वतः पाहून आले." "मंग बाईचाच हात कच्चा." "लुगडं अन् सायकल, जमनारच नाई बे ते!" हबीब दमेकरी आहे, घाट त्याला चढवत नाही, तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "काऊन भाऊ, घाणेरी छाटली होती ना?" मी म्हटलं, "हाव." त्या 'हाव'ला दुसरं खोटं म्हणायचं की पहिल्याचंच शेपूट, याचा मी बराच काथ्याकूट केला. त्यानंतर तिसऱ्या वळणापर्यंत जाऊन पाहून यावं असं मला रोज वाटलं. रोज मी टपरीपर्यंत गेलो. तिथून खाली ते वळण दिसत नाही, मध्ये टेकाड आहे. काय असेल तिथं? एखादा ओहोळ, एखादा उपटलेला दगड? कदाचित काहीच नसेल. काहीच नसेल तर मी सुटलो. असेल तर नाही. पाहिलं नाही तोवर दोन्ही खरं, म्हणून मी टपरीवर चहा पिऊन परत यायचो. आठ दिवसांत तो टपरीवाला मला एकदाही म्हणाला नाही, की भाऊ, सांगा काही.

दुपारी मी कागद घेऊन गेलो. तिची खोली हबीबच्या घराला लागून. दार उघडंच होतं. ट्रंकेला दोरी बांधलेली, स्टो वर्तमानपत्रात गुंडाळलेला; खाटेवर अन्नपूर्णा, आणि तिच्यामागं हबीबची बायको नूरजहां तिचे केस विंचरत बसलेली, कारण एका हातानं वेणी घालता येत नाही. "या काकाजी," अन्नपूर्णा म्हणाली. मी जमिनीवर मांडी घातली, ट्रंकेवर कागद ठेवला, टाक बुडवला.

"लिहा. मला सायकल चालवता येत नसल्यामुळे..."

"असं नको."

"काऊन? खरं तेच लिहाले काय होते?"

"पोरी, वाट साफ नव्हती," मी म्हणालो. "म्हंजे मले माहीत नाई. मी गेलोच नाई." आणि मग मी सांगून टाकलं. एसटी, टायर, उतारू, चुना, पायानं सारलेली माती, सगळं. फक्त एक झालं. मी ते चांगलं सांगितलं. माझ्या इच्छेविरुद्ध हात वर उठले, ड्रायव्हरचा आवाज आला, आणि कोंबडीवाली बाई आली तेव्हा कोंबडीही ओरडली. नूरजहां पदर तोंडाला लावून हसायला लागली. अन्नपूर्णाही हसली, हसता हसता तिचे डोळे भरले.

"काकाजी, माह्यासाठी येवढी मोठी गोष्ट जोडली तुम्ही!"

"गोष्ट नोहे."

"अरे जानरावभाई," नूरजहां म्हणाली, "अब तक सायकल पे बाघ को बिठाते थे, आज खुद को बिठा दिये? बच्ची का दिल रखने को?"

"भाभी, कसम से..."

"आपकी कसम तो उस बाघ ने भी खाई थी!"

मला राग आला. कोणाचा ते कळेना. साठीच्या माणसानं आयुष्यात एकदा खरं बोलावं आणि त्याला दाद मिळावी! अन्नपूर्णानं डाव्या हातानं डोळे पुसले आणि मग तिचा चेहरा हळूहळू निवला. ती पुढं वाकली. "बरं, मंग एक सांगा," ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात हसू नव्हतं. "तिथं काय होतं? तिसऱ्या वळणाले. मले आठोतच नाई. हात चुकला का वाट चुकली, येवढं कळलं असतं तं मी गेले नसते हो. तुम्ही एवढं सांगून राह्यले, तं तेबी सांगा."

आणि मला दिसलं. एका क्षणात, सगळं. हातभर रुंद चर, आडवा, वर गवत वाकलेलं, म्हणून वरून दिसत नाही. नाहीतर वाटेच्या कडेचा बांधीव दगड निसटून पडलेलं भगदाड. नाहीतर वाळवीनं पोखरलेला ओंडका. मुरमाचा रंग, ओल, बेडूक. कुठलंही एक उचलून तिच्या ओंजळीत टाकलं असतं तर ती समाधान पावली असती, आणि मीही एक भला म्हातारा म्हणून दाराबाहेर पडलो असतो. माझी जीभ टाळूला लागली होती, सुरुवात करायला लागते तशी. मी तोंड मिटलं. खोलीत नूरजहांच्या बांगड्या वाजत होत्या, फणी केसांतून वरखाली होत होती.

"मले माहीत नाई," मी म्हणालो.

"अंदाजानं सांगा."

"अंदाजानंच सांगितलं होतं तुले," मी म्हणालो. "पलंगासारखी वाट. ब्रेक सोडजो."

फणी थांबली. अन्नपूर्णा माझ्याकडे पाहत राहिली, आणि मी तिला पाहू दिलं. माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी काही नव्हतं, मला ते आतून कळत होतं. नसलेलं एवढं जड असतं हे मला ठाऊक नव्हतं.  मग तिनं नजर काढून घेतली.

"आठ दिवस," ती म्हणाली, "मी माह्याच हाताले शिव्या देऊन राह्यले. तुम्ही दवाखान्यात मोसंबी घेऊन आले होते."

"हाव."

"सोलून देल्ली होती."

 "तौबा," नूरजहां अगदी हळू म्हणाली.

"लिहा," अन्नपूर्णा म्हणाली.

"राजीनामा?"

"तुमचं लिहा. आता बोलले ते. तुमच्या नावानं. मी नाई सांगनार, तुम्हीच लिहा."

पस्तीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहितो. मी खाली सही करणार, म्हणून सुरुवात करतो, आणि तो मी कधी कोळी असतो, कधी पाटील, कधी तलाक झालेली बाई. त्या शब्दाशी माझा आजवर काही संबंध आला नव्हता. आज तो लिहिला आणि पुढं माझंच नाव लिहावं लागलं तेव्हा शाईचा एक ठिपका सांडला. पाच ओळी झाल्या. त्यांत एसटी नव्हती, कोंबडी नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडवाट पाहण्यासाठी गेलो नाही. गेलो असे खोटे सांगितले. त्यामुळे सदर बाई पडल्या. त्यांच्या सायकल चालवण्यात दोष नाही. "वाचा," ती म्हणाली. मी वाचलं. दोघींपैकी कोणी हसलं नाही. तिनं डाव्या हातानं कागद घेतला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

"भाभी, वेनी घाला लवकर. साहेब चार वाजता उठते."

"और भाई कल आया तो?"

"आला तं चहा देईन. ट्रंक सोडाले मदत होईन त्याची." मग माझ्याकडे न पाहता: "तुम्हीबी चला. कागदावर कोनी इस्वास नाई ठेवला तं तुमच्या तोंडानं सांगान." काकाजी ती म्हणाली नाही. मी उठलो, ट्रंकेचा आधार घेऊन उठावं लागलं, आणि तिनं हात दिला नाही.

ती पुढं, मी मागं, असे आम्ही रस्त्यावर आलो. हबीबच्या दुकानासमोर बाक भरलेला होता. हबीब पंप मारत होता, आम्हाला पाहून त्यानं मान वर केली आणि त्याचा दमेकरी चेहरा खुलला. "काय भाऊ, आज काई नवीन?"

माझे पाय थांबले. अन्नपूर्णाचे थांबले नाहीत. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही, चालता चालताच म्हणाली, "हाय ना हबीबभाई. हपिसात सांगनार हायेत, साहेबांसमोर. या ऐकाले."

"काय सांगता!" हबीब म्हणाला. त्यानं पंप भिंतीला टेकवला, चिंधीला हात पुसले, बाकावरच्या दोघांना डोळ्यानं खूण केली, आणि हसत हसत आमच्या मागून निघाला.